प्लिमथचे मागचे दोन व्हॉल्व्ह दर उन्हाळ्यात का जळतात?

लागोपाठ तीन वर्षं माझ्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, मे महिन्यात उतरलं. तिन्ही वेळा दुखणं एकच. पाच आणि सहा नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह जळालेले, आणि पुढच्या चारांना काही म्हणता काही नाही. तिसऱ्या वेळी खरं कारण हाती लागलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग आधीच्या दोन वर्षांत घातलेले पैसे आठवले. नागपुरात माझ्यासारखी साइड व्हॉल्व्हची (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असलेली) जुनी गाडी बाळगणारा जो कोणी भेटतो तो हेच सांगतो, की हिवाळ्यात मस्त पळते, उन्हाळ्यात ओढत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी १९५१ची प्लिमथ, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची. सहा सिलिंडर, २१७.८ घनइंच, म्हणजे साडेतीन लिटरच्या थोडं वर. कंपनीचा आकडा मिनिटाला ३६०० फेऱ्यांना ९७ अश्वशक्ती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडायला सुरुवात केली, त्या खानदानातली ही. वडिलांनी कामठीच्या एका ठेकेदाराकडून घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. आमच्याकडे तिच्या इंजिनाचा बॉटम, म्हणजे खालचा भाग, एकदाही उघडलेला नाही. क्रँक, बेअरिंग, टायमिंगची चेन, सगळं जसंच्या तसं. ऑइलचा दाब अजून ठीक आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण या इंजिनाची हीच खुबी पुढे मला नडली.

लक्षणं अशी. सकाळी थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू. नागपुरातल्या सदरहून निघून कामठी, कन्हानपर्यंत काही तक्रार नाही. मनसरच्या वळणापर्यंत ऊन चढलेलं असतं, तिथे चहाला थांबलो की आयडलवर गाडी मिसिंग मारायला लागते. रामटेकच्या गडाचा चढ एरवी दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चढणारी गाडी, आता पहिला घालावा लागतो. मागून सायलेन्सरचा आवाज फुस्‌ऽ फुस्‌ असा लंगडा. तापमानाच्या मीटरचा काटा मात्र मध्यावर शांत. पाणी उकळत नाही, वाफ नाही, कसली धमकी नाही. आणि त्याच अवस्थेत, सहापैकी चार-साडेचार सिलिंडरांवर, ती आम्हाला पन्नास किलोमीटर घरी आणून सोडते. नव्या गाडीने अशा वेळी डॅशबोर्डवर दिवे लावून रस्त्यात बसकण मारली असती. ही बाई मात्र सोसत राहते, आणि आपल्याला वाटतं की आजार किरकोळ आहे.

पहिल्या वर्षी किरकोळ समजूनच इलाज केला. कार्बोरेटर साफ, प्लग नवे, इग्निशनचे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. कंडेन्सरवर संशय घेणं चूक नव्हतं. गरम झाला की दगा देणारा कंडेन्सर अगदी अशीच लक्षणं दाखवतो. पण फरक पडला नाही. मग हेड उतरवलं. पाच आणि सहाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला कुरतडलेले, उंदराने चपाती कुरतडावी तसे. व्हॉल्व्ह बदलले, पेस्ट लावून घासले, हेड बसवलं. वर्षभर झकास.

दुसऱ्या मेमध्ये पुन्हा तेच. या वेळी एका गॅरेजवाल्याने ठामपणे सांगितलं, पेट्रोलमध्ये आता सीसं नाही, म्हणून जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती जागा) झिजून बसतात. हे ऐकायला पटतं. २००० सालापासून आपल्याकडे सीसं घातलेलं पेट्रोल बंदच झालं, आणि जिथे व्हॉल्व्हची सीट थेट इंजिनाच्या ब्लॉकच्या बिडात (ओतीव लोखंडात) कापलेली असते तिथे ती झिजून व्हॉल्व्ह खाली बसतो, हेही खरं. पण क्रायस्लरच्या या सहा सिलिंडर इंजिनांत एक्झॉस्टला कारखान्यातूनच कडक धातूची वेगळी रिंग ठोकलेली असते. शिवाय सिशाचा दोष असता तर सहाही सिलिंडरांना सारखाच लागला असता. पेट्रोल काय मागच्या दोघांना वेगळं मिळतं? हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. गाडी तापत असेल म्हणून रेडिएटर उघडून नळ्यांत सळ्या फिरवून घेतल्या, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकला (आपल्या शहराचा सर्वांत आवडता इलाज), सहा पात्यांचा पंखा लावला. पुन्हा नवे व्हॉल्व्ह. पुन्हा वर्षभर झकास.

तिसऱ्या वर्षी, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधीच, गाडी बसली. घरातून शेरा आला, "उन्हाळ्यात माझे पापड नि तुमचं हेड, दोन्ही एकदमच उन्हात." मुकाट्याने ऐकलं आणि ठरवलं की या वेळी आधी मोजमाप, मग पाना.

आता थोडं या इंजिनाच्या बांधणीबद्दल, कारण ती डोळ्यासमोर असल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये लटकलेले असतात. साइड व्हॉल्व्हमध्ये ते सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उलटे उभे असतात, बूड खाली आणि टोपी वर. खाली कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा), त्यावर टॅपेट (त्याचा धक्का वर पोचवणारा खुंट), टॅपेटवर थेट व्हॉल्व्ह. पुशरॉड नाही, रॉकर नाही, हेडमध्ये हलणारा एकही भाग नाही. हेड म्हणजे नुसतं झाकण. म्हणून ही इंजिनं शांत, ठेंगणी, स्वस्त आणि चिवट. व्हॉल्व्ह अडकला तरी पिस्टनला धडकत नाही, कारण तो पिस्टनच्या वाटेतच नसतो. क्रायस्लरची ही सहा सिलिंडरं मोटारींतून गेल्यावरही वेल्डिंगच्या जनरेटरवर, फोर्कलिफ्टवर, शेतातल्या मळणी यंत्रांवर राबत राहिली, ती उगाच नाही.

याचं मोल मात्र दुसरीकडे मोजावं लागतं. ज्वलनाची खोली सिलिंडरच्या बाजूला पसरलेली, चपटी आणि मोठी. आत येणारी हवा वळसे घेत येते, जाणारा धूर वळसे घेत जातो. ज्वाला लांब पळते, म्हणून दाब जास्त ठेवला की इंजिन ठोकतं. हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर हेडचा आकार बदलून, पिस्टनच्या वरची जागा अगदी अरुंद करून, मिश्रण घुसळायची युक्ती काढली आणि या जातीला आणखी काही दशकांचं आयुष्य दिलं. तरी माझ्या गाडीचं काँप्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ७ ला १ एवढंच. साडेतीन लिटरमधून ९७ घोडे. आजची सव्वा लिटरची छोटी गाडी त्याच्या जवळपास देते.

पण आपल्या दुखण्याशी संबंध आहे तो धुराच्या वाटेचा. एक्झॉस्टचा तापलेला धूर ब्लॉकच्या पोटातून बाहेर जातो. वरच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात ही आग हेडमधून पटकन बाहेर पडते. इथे ती सिलिंडर आणि पाण्याच्या खोल्यांच्या मधून वाट काढते. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकल्यावर सोडतो. सीटच्या मागे गार पाणी फिरत असेल तर तो जगतो. पाणी नसेल, किंवा टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातला गॅप इतका कमी झाला असेल की व्हॉल्व्ह नीट टेकतच नाही, तर तो जळतो. बाकी कारणं शोधण्याआधी ही दोन तपासावीत. मी दोन वर्षं बाकीचीच शोधत बसलो.

मोजमापाला सुरुवात सर्वांत स्वस्त चाचणीने केली. इंजिन आयडलवर ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी दहाची नोट धरायची. निरोगी इंजिन नोट सतत बाहेर ढकलतं. माझी नोट फडफडत मध्येच आत ओढली जात होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय, एवढं तिथेच कळलं. मग इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळीला, व्हॅक्यूम गेज लावलं; सुई ठरावीक तालात खाली झटका घेत होती. मधूनच चुकणाऱ्या इग्निशनचा दोष असता तर ती अशी तालात नाचली नसती.

मग काँप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. (सहा व्होल्टची गाडी आहे, अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेले आकडे फेकून द्यावेत.) पहिल्या चारांत दर चौरस इंचाला १०४ ते १०८ पाउंड, पाचव्यात ६२, सहाव्यात ४५. आता दोष पिस्टनच्या रिंगचा की व्हॉल्व्हचा हे ठरवायला लोक प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकतात आणि पुन्हा मोजतात; रिंग गळत असतील तर आकडा बराच वाढतो. इथे फसगत होते. वरच्या व्हॉल्व्हच्या इंजिनात ते ऑइल पिस्टनवर पडतं. साइड व्हॉल्व्हमध्ये प्लग बहुधा व्हॉल्व्हच्या बाजूला असतो, ऑइल व्हॉल्व्हवरच सांडतं आणि निकाल भलताच येतो. वाकड्या नळीची ऑइल कॅन घेऊन सिलिंडरच्या बाजूला मारावं लागतं. प्लिमथमध्ये एक सोय आहे. सहा नंबरच्या पिस्टनच्या बरोबर वर हेडमध्ये टायमिंग बघायला एक छोटा बूच असतो. तो काढून त्यातूनच ऑइल सोडलं. ४५चे ४८ झाले. म्हणजे रिंग निर्दोष, गुन्हा व्हॉल्व्हचाच.

इथवर नवीन काहीच नव्हतं. नवीन काम केलं ते इन्फ्रारेड थर्मामीटरने. बंदुकीसारखं असतं, हल्ली स्वस्तात मिळतं. चकचकीत धातूवर ते चुकीचं दाखवतं, म्हणून हेडवर पुढे आणि मागे दोन ठिकाणी मॅट काळ्या रंगाचे ठिपके दिले. दुपारी अडीच वाजता, बाहेर चव्वेचाळीस अंश, सेमिनरी हिल्सला दोन फेऱ्या मारून आलो आणि बॉनेट उघडलं. पुढच्या ठिपक्यावर ८२. मागच्यावर १०६. तीनदा मोजलं. एकाच लोखंडी झाकणाच्या दोन टोकांत चोवीस अंशांचा फरक.

आणि मीटर? मूळचा मीटर कधीच मेला होता. त्याच्या जागी बसवलेल्या मीटरचा सेन्सर तो बसवणाऱ्या शहाण्याने पुढे, थर्मोस्टॅटच्या घराजवळ, जिथे सोपं पडलं तिथे लावला होता. म्हणजे तीन वर्षं मी घराच्या गार खोलीत बसून स्वयंपाकघराचं तापमान सांगत होतो.

मग नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या उस्तादांकडे (मेकॅनिककडे) गेलो. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, आता गॅरेजमध्ये फक्त खुर्चीवर बसतात. आकडे ऐकून त्यांनी गाडी बघायचीही तसदी घेतली नाही. "भाऊ, तुमी वरून दवा देऊन राहिले, आन्‌ रोग तं पोटात हाय. पंप काढा, त्याच्या मागची पट्टी पाहा. सडली असन."

ती "पट्टी" म्हणजे पाणी वाटायची नळी. क्रायस्लरच्या या इंजिनांत वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या आत लांबवर, पत्र्याची एक चपटी नळी सरकवलेली असते. तिला ठिकठिकाणी फटी. पंप पाणी या नळीत ढकलतो आणि नळी ते प्रत्येक एक्झॉस्ट सीटच्या मागे नेऊन सोडते. सगळ्यात गरम जागेला सगळ्यात गार पाणी, अशी झकास कल्पना. पण नळी पत्र्याची. वर्षानुवर्षं विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी, कूलंटचा पत्ता नाही, ती गंजते. पुढून सडली की सगळं पाणी पुढच्या सिलिंडरांतच उतरतं, तिथून वर हेडमध्ये आणि परत रेडिएटरला. मागच्यांच्या वाट्याला साचलेलं, गाळाचं पाणी. रेडिएटर नवा करा, पंखा मोठा लावा, मागे पाणी पोचतच नसेल तर काय उपयोग?

काम असं केलं. रेडिएटर बाहेर काढला, म्हणजे समोर जागा झाली. पंप उतरवला. मागे ब्लॉकमध्ये चपटं, आडवं तोंड दिसतं, तिथेच नळीचं टोक असतं. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सळईला हूक करून ओढायला लागलो. पहिला तुकडा चार इंचाचा, जाळी झालेला, बोटाने दाबला की पापडासारखा मोडत होता. मग पुढचा. एकूण सात तुकडे निघाले आणि शेवटच्या अर्ध्या फुटाच्या जागी नुसता लाल भुगा. इथे घाई करू नये. आत राहिलेला एक तुकडा नवी नळी आडवतो, आणि ठोकून नळी आत घातली तर ती वाकते, फटी बंद होतात, मग केलं ते सगळं फुकट.

यानंतर ब्लॉकच्या बाजूच्या डमी काढल्या, म्हणजे पाण्याच्या खोल्यांना लावलेली पत्र्याची बुचं. मागच्या डमीतून चहाच्या चोथ्यासारखा काळा-तांबडा गाळ, भांडंभर. तारेने खरवडून, पाण्याचा जोरदार फवारा आलटून पालटून पुढून-मागून मारून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. त्यात अख्खा दिवस गेला. नवी नळी पितळेची करून घेतली. इतवारीतून पत्रा आणला, तुकडे जुळवून कागदावर मूळ मापं आणि फटींच्या जागा उतरवल्या, आणि एका खरादवाल्या मित्राने वाकवून झाळून दिली. परदेशातून तयार मागवता येते, तिला फिटिंगची कटकट कमी. मला थांबवत नव्हतं एवढंच. घालताना फटींची दिशा व्हॉल्व्हच्या सीटकडेच आहे ना, हे दोनदा बघा. मी एकदा उलटी घातली होती.

व्हॉल्व्ह बदलले, सीटला हलका कट दिला, गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) मोजले. थर्मोस्टॅट परत बसवला, कारण तो गुन्हेगार नव्हताच. तो नसला की आपल्या डिसेंबरच्या सकाळी इंजिन धड तापत नाही आणि ऑइलमध्ये चिखल होतो. सेन्सर हेडच्या मागच्या टोकाला नेला. पाणी आरओचं आणि त्यात निम्मं कूलंट. पुन्हा सेमिनरी हिल्सच्या त्याच फेऱ्या, तीच दुपारची वेळ: पुढे ८४, मागे ९१.

टॅपेटचं काय

हे वेगळं सांगतो, कारण नळी ठीक असलेल्या गाडीतही अर्धी भानगड इथेच असते. वरच्या व्हॉल्व्हच्या अनेक इंजिनांत झीज झाली की टॅपेट वाजायला लागतात आणि माणूस लक्ष देतो. साइड व्हॉल्व्हमध्ये एक्झॉस्टची सीट आणि टोपी झिजली की व्हॉल्व्ह खाली बसतो आणि गॅप कमी होतो. आवाज वाढत नाही, उलट बंद होतो. मालक खूश, इंजिन किती मऊ चालतंय! उस्तादांचं वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय: "वाजून राहिली तं चांगलं हाय, चूप झाली का समजा गेली."

प्लिमथला मापं इंजिन गरम असतानाची आहेत, इनटेक आठ थाउ आणि एक्झॉस्ट दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). उजवं पुढचं चाक आणि आतला पत्रा काढला की टॅपेटच्या झाकणापर्यंत हात जातो. शेजारी धुराचा तापलेला मॅनिफोल्ड असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मी मनगटावर दोन डाग मिरवतोय. मी हे काम मार्चमध्ये, होळीच्या आसपास करतो. एक्झॉस्ट एखादा थाउ सैल ठेवला तर आमच्या उन्हात चांगलंच. घट्ट मात्र कधीच नको.

दुसऱ्या जातींच्या गाड्या असतील तर वाट थोडी वेगळी. हिंदुस्तान लँडमास्टर आणि अगदी पहिल्या अॅम्बेसेडरमध्ये मॉरिसचं १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. विलीज जीपच्या ६० घोड्यांच्या इंजिनात एक्झॉस्ट सीट आणि सिलिंडर यांच्या मधल्या पातळ भिंतीला तडा जायची सवय आहे. हेड उतरलं की ती जागा भिंग घेऊन पाहा, पाणी विनाकारण कमी होत असेल तर आधी तीच. १९३२च्या फोर्ड व्ही-८ घराण्यात तर प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच वाटेने ब्लॉकमधून बाहेर पडतो, त्यामुळे ती गरम होणारच. तिथे दोन्ही वॉटर पंप आणि ब्लॉकमधला गाळ यांवर नजर ठेवायची.

हल्लीच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही हात आहे, पण मुख्य आरोपी म्हणून नाही. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, पातळ मिश्रणावर धूर जास्त गरम, आणि त्याचा त्रास आधीच तहानलेल्या व्हॉल्व्हला. मी कार्बोरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक पायरी मोठा केला, पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा टाकला. दुपारी थांबून पुन्हा सुरू करताना गाडी नाटकं करते ती मात्र पाइपात पेट्रोलची वाफ धरल्यामुळे. ते वेगळं दुखणं, पाइप मॅनिफोल्डपासून दूर नेला की बरंच कमी होतं. त्यासाठी हेडला हात लावू नका.

हेड बसवल्यावर पाचशे किलोमीटर झाले की इंजिन थंड करून बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने पुन्हा आवळायचे, मग टॅपेट पुन्हा गरम बघायचे. माझे परवा झाले. पाच नंबरचा एक्झॉस्ट नऊवर आला होता, दहावर नेला. सहा नंबरचं काँप्रेशन अजून ९६च आहे, बाकीच्यांच्या मागे; त्या गाइडमध्ये थोडा खेळ आहे, तो पुढच्या हिवाळ्यात बघेन.